न कुजणारी वई

शिमगा आटोपला की आमच्या वाडीत वईची बोलणी सुरू होतात. बांबू कुणाच्या बेटातला तोडायचा, चिल्हारीच्या काट्या यंदा कुठल्या सड्यावरून आणायच्या, गडी मिळणार का, आणि मिळाला तर कबूल केलेल्या दिवशी येणार का. या शेवटच्या प्रश्नावरची चर्चा दर वर्षी लांबतच चालली आहे. राजापूर तालुक्यातलं आमचं गाव. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. रोहिणी लागायच्या आत कौलं परतून आणि वई घालून झाली नाही, तर पुढचे चार महिने परड्याकडे नुसतं बघत बसायचं. काकडी शेजारच्यांची गुरं खातात, आणि तक्रार केली की बोलणी आपल्याच गुरांच्या जुन्या खोड्यांवर जातात.

वई म्हणजे काही मोठी कारागिरी नव्हे, पण ती जाणत्या माणसाने घालताना बघावी. पहारीने भोकं पाडून मेढी ठोकायच्या, त्यांना आतून-बाहेरून बांबूच्या कांब्या आडव्या धरायच्या, मधल्या फटीत काट्या उभ्या खोचायच्या आणि केवणीच्या ओल्या सालीने सगळं आवळून बांधायचं. साल सुकली की गाठ अशी बसते की कोयत्याशिवाय सुटत नाही. काटी खोचताना तिच्या फांद्यांचा रोख बाहेर ठेवायचा, म्हणजे बोचायची तर गुराला बोचते, भाजी काढायला गेलेल्या काकूला नव्हे. एवढं करून वईचं आयुष्य एका पावसाचं. डागडुजी केली तर दोन. तिसऱ्या वर्षी ती पाणी तापवायच्या चुलीत जाते, नाहीतर तिथेच कुजून माडाच्या आळ्यात मिसळते. तिच्या मरणाचं कुणाला वाईट वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुढच्या अंगणाची गोष्ट वेगळी. तिथे वडिलांनी हौसेने लाकडी कुंपण केलं होतं. किंजळीचे खांब, त्यांवर आडव्या पट्ट्या, आणि वर निमुळत्या केलेल्या उभ्या फळ्या. आत अबोली, जास्वंद, आणि पुण्याहून आणलेले गुलाब, जे कोकणात कधी मनापासून फुलले नाहीत. वडील होते तोवर एक-दोन वर्षांआड त्या फळ्यांना काजूच्या टरफलांचं काळं तेल मिळायचं. तेल लावणाऱ्याचे हात आठवडाभर काळे, आणि अंगावर उडालं तर फोड ठरलेले. वडील गेले, तेल थांबलं, आणि गेल्या पावसात कुंपण रस्त्याच्या बाजूला आडवं झालं.

भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो आला. धाकट्या वहिनीने तासाभरात कंपोझिट फळ्यांचं माहितीपत्रक टाकलं. वाळवी नाही, बुरशी नाही, रंग नको, तेल नको, एकदा बसवलं की बघायला नको. त्यावर थोरला भाऊ म्हणाला, “तसंही बघतंय कोण?” तो थट्टेने म्हणाला. पण या सगळ्या प्रकरणात एवढं नेमकं वाक्य दुसऱ्या कुणी बोललं नाही.

पडलेले खांब मी उचलून पाहिले. वरचा भाग धडधाकट होता. जमिनीत पुरलेला खालचा भागही बऱ्यापैकी शाबूत. मेला होता तो मधला वीतभर तुकडा, जिथे खांब जमिनीतून वर येतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो आणि हवाही लागते. खोल मातीत ओल असते, हवा नसते. वर हवा असते, पण ऊन पडलं की लाकूड सुकतं. दोन्ही एकत्र मिळतात ते जमिनीलगत. त्यातून आमचे खांब पक्कं काम म्हणून सिमेंटात बसवलेले. लाकूड सुकताना आकसतं, सिमेंट आकसत नाही. मधल्या केसाएवढ्या फटीत पाणी शिरतं आणि दिवाळीपर्यंत मुक्काम करतं. वाळवी मागाहून आली. तिला दोष देणं सोपं, कारण ती दिसते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीचं काही चालत नाही. म्हणून घराचे किंजळीचे वासे पणजोबांच्या वेळेपासून ठणठणीत आहेत, आणि अंगणातल्या किंजळीने एका पिढीतच मान टाकली.

तर कंपोझिट. पुण्यातल्या दुकानातून हातभर नमुना आणला आणि करवतीने कापला. वास आधी मेणबत्तीचा आला, मागून सुतारशाळेचा. कापलेल्या तोंडावर भिंग धरलं तर तपकिरी गरात फिकट कुसळं अडकलेली दिसतात. ते लाकूड. म्हणजे कधीकाळी लाकूड असलेला भुसा, किंवा आपल्याकडे पुष्कळदा भाताचं तूस. वजनाने साधारण निम्मा हिस्सा त्याचा, बाकी पॉलिथिलीन किंवा पीव्हीसी, थोडा रंग, आणि ऊन सोसायला व एकमेकांना धरून ठेवायला लागणारी रसायनं. हे सगळं दोनशे अंशांच्या आत तापवतात, कारण त्यापुढे लाकूड करपतं, आणि सोऱ्यातून शेव पाडावी तशी अखंड फळी साच्यातून बाहेर ढकलतात. चांगल्या फळीला वरून निव्वळ प्लास्टिकचं पातळ कवच असतं. स्वस्तातलीला ते नसतं, आणि मग पृष्ठभागाशी आलेली कुसळं पाणी पितात, डाग धरतात, शेवाळतात. दुकानदार हे विचारल्याशिवाय सांगत नाही. विचारल्यावर मात्र भरभरून सांगतो.

या मिश्रणाकडे नवलाईने बघायचं कारण नाही. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट सिद्ध केलं, आणि ते ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात लाकडाची पूड घालायची रीत पडली. आमच्या माजघरात अजून एक काळं गोल बटण आहे, दाबलं की खट्ट वाजणारं. गावात वीज आली त्या दिवशीच भुसा आणि रेझिन यांची ही सोयरीक आमच्या भिंतीवर खिळे ठोकून बसली होती. आम्हाला पत्ता नव्हता इतकंच. पुढे १९८३ च्या सुमारास अमेरिकेत पॉलिप्रॉपिलीन आणि लाकडाच्या पुडीपासून मोटारींच्या आतल्या बाजूची पॅनेलं व्हायला लागली. मोबिल कंपनीच्या एका विभागातून १९९६ मध्ये ट्रेक्स ही स्वतंत्र कंपनी निघाली, आणि टाकाऊ पिशव्या व भुसा यांच्या फळ्या तिथल्या घरांच्या मागच्या अंगणात पोचल्या. आपल्याकडे २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. पिशवी दारातून गेली, आता फळी होऊन कुंपणाला येते आहे. यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. गटारात तुंबण्यापेक्षा ते बरं.

मला खटकलं ते वेगळंच. नमुन्यावर एक गाठ उठवलेली होती, बदामी आकाराची, डावीकडे किंचित कललेली. छान होती. दुकानात उभ्या केलेल्या फळीवर तीच गाठ गुडघ्याशी दिसली, पुन्हा कमरेशी, पुन्हा खांद्याशी. रुळावर कोरलेली नक्षी, रुळाचा फेरा पुरा झाला की पहिल्यापासून सुरू. सागाची गाठ म्हणजे फांदी जिथून फुटली ती जागा. इथे फांद्याच फांद्या आणि झाड नाही. जे कुजत नाही, वाकड्या वाढीचं नाही, ज्याला वर्षांची वलयं पडत नाहीत, त्याने या सगळ्याचं सोंग कशाला आणावं? प्लास्टिकशी माझं भांडण नाही. मंगलोरी कौल गावात आलं तेव्हा ते गवती छपरासारखं दिसायचा आटापिटा करत नव्हतं. तांबडं होतं, तांबडंच दिसलं, आणि आज त्याच्याशिवाय कोकणातलं घर डोळ्यांपुढे येत नाही.

वडिलांच्या कुंपणावर उन्हाळ्यात गांधीलमाश्या यायच्या. तेलाचा हात पडून वर्ष-दीड वर्ष झालं की फळ्या राखाडी पडायच्या. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन फोडतात, पावसाने ते धुऊन जातं, आणि वर सुटे, मऊ तंतू राहतात. माशी नेमकी त्या तंतूंसाठी यायची. फळीवर उलट्या पावलांनी सरकत तोंडाने पापुद्रा खरवडायची. दुपारी सगळे लवंडलेले असताना ओटीवर बसलं तर ती करकर ऐकू यायची, आणि माशी उडून गेली की राखाडी फळीवर पेराएवढी फिकट रेघ मागे राहायची. महिन्याभरात फळीभर रेघाच रेघा. त्या लाकडाचा थुंकीत लगदा करून ती आमच्याच ओटीच्या वाशाला कागदी पोळं बांधायची, आणि मग आई केरसुणीला फडकं गुंडाळून तिच्या मागे लागायची. मोठा काळा भुंगा आडव्या पट्टीला पेन्सिल जाईल एवढं गोल भोक पाडायचा. खाली भुशाची लहानशी रास.

कंपोझिटची फळी यांच्यापैकी कुणाच्याच उपयोगाची नाही, आणि तोच तिचा गुण म्हणून विकला जातो.

पण लाकूड टिकवायची कसबंही शेवटी तिथेच येऊन थांबतात: ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं राहू द्यायचं नाही. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं एक मिश्रण शोधलं. ते दाबाखाली लाकडात भरलं की ना बुरशी फिरकते ना वाळवी. भारतातल्या एका प्रयोगशाळेत निघालेली ही युक्ती जगभर गेली. विजेचे खांब, धक्क्यांचे खांब, बागांची कुंपणं, मुलांच्या खेळायच्या घसरगुंड्या, सगळं त्या हिरवट छटेचं झालं. मग आर्सेनिक मातीत उतरतं का, पोरांच्या हाताला लागतं का, याची चर्चा सुरू झाली, आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती लाकडासाठी ते वापरणं सोडलं. तेव्हा लाकूड म्हणजे सोवळं आणि प्लास्टिक म्हणजे ओवळं, असा निकाल लावता येत नाही. पावसात उघड्यावर टिकणारं लाकूड एक तर खैरासारखं मुळातच कडू आणि टणक असावं लागतं, नाही तर कुणीतरी त्याला विष पाजलेलं असतं.

कंपोझिटची दुखणी निराळी. लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं, लांबीत फारसं बदलत नाही. ही फळी उन्हाने लांबीत वाढते. तीन मीटरची पॉलिथिलीनची फळी पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या कडक उन्हापर्यंत तीसेक अंशांनी तापली तर साधारण चार मिलिमीटर वाढते. दोन फळ्यांमध्ये तेवढी फट ठेवली नाही तर कुंपण दुपारी पोट काढून उभं राहतं. गडद रंग जास्त तापतो, म्हणून जास्त वाढतो. शिवाय ती स्वतःचं वजन फार काळ पेलत नाही. आधार लांब-लांब दिले तर सावकाश वाकते आणि वाकलेलीच राहते. त्यामुळे तिचे खांब तिचे नसतात. ते लोखंडाचे, ॲल्युमिनियमचे किंवा सिमेंटचे घ्यावे लागतात, आणि दरपत्रकाच्या दुसऱ्या पानावर असतात.

आणि आग. माहितीपत्रकात तिच्याबद्दल एक ओळ होती, बारीक अक्षरात. आमच्याकडे होळीच्या आगेमागे भाजावळ सुरू होते. नाचणीच्या आणि भाताच्या तरव्याची जमीन शेण, पातेरा, कवळं पसरून भाजतात. वारा फिरला की ठिणगी कुठे जाईल सांगता येत नाही. वई पेटली तर गुडघाभर राख होते आणि पुढच्या वर्षी तिथे दोडकी जोमाने येतात. पॉलिथिलीनची फळी पेटली तर ती वितळत, ठिबकत जळते. पीव्हीसीची सहज पेटत नाही, पण जळाली तर तिचा धूर छातीत जाऊ देऊ नये. कापताना पडलेला चुराही कागद पसरून गोळा करायला हवा. लाकडाचा भुसा अळवाच्या मुळाशी टाकता येतो, हा टाकता येत नाही.

हे सगळं मनात घेऊन काकांकडे गेलो. काका गावीच असतात, सत्तरी ओलांडलेले. आमच्या घराची किल्ली त्यांच्या खुंटीला. म्हटलं, “काका, पुढे कंपोझिट घालावं म्हणतो. तुमचं काय मत?”

त्यांनी नमुना हातात घेतला, नखाने ओरखडून पाहिला, वास घेतला. “जड आहे रे. माकडं चढतील का यावर?”

“माकडं कशावरही चढतात, काका.”

“मग त्यांचा विचार सोड. तू असं सांग, दहा वर्षांनी इथे कोण असेल? ते सांगितलंस की लाकूड घाल की हे घाल, ते मी सांगतो.”

मी काही बोललो नाही. काकू चहा घेऊन आल्या आणि विषय गणपतीच्या आरक्षणावर गेला.

काकांचा प्रश्न मात्र एका जुन्या सरकारी हिशोबापर्यंत घेऊन गेला. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ इकडून तिकडे नेऊ नये, म्हणून इंग्रजांनी सिंधूच्या बाजूपासून खानदेशाच्या वेशीवरच्या बुऱ्हाणपुराला वळसा घालत पार ओरिसापर्यंत जकातीची रेषा आखली होती. तिच्या बऱ्याच भागावर अक्षरशः कुंपण होतं. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच, १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे आयुक्त होते. त्यांनी हिशोब मांडला, की वाळक्या काट्यांची वई घालायला मैलाला अडीचशे टन माल लागतो आणि वाळवी, वारा, आग यांच्यापायी दर वर्षी त्यातला जवळजवळ निम्मा बदलावा लागतो. म्हणून त्यांनी जिवंत कुंपण वाढवायचा सपाटा लावला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर. जिथे जी माती तिथे ते झाड. आमच्या वाडीतल्या कुठल्याही म्हातारीने हीच यादी चुलीपुढे बसून सांगितली असती, आणि पगार मागितला नसता. या रेषेवर बारा हजारांच्या आसपास माणसं राबत होती. १८७९ मध्ये ती मोडीत निघाली, पहारेकरी आणि छाटणारे हात गेले, आणि कुंपण इतकं पुरतं नाहीसं झालं की रॉय मॉक्सहॅम या लेखकाला १९९० नंतरच्या दशकात त्याचा एखादा अवशेष हुडकायला उत्तर प्रदेशात इटाव्यापर्यंत जावं लागलं. वाळकं काय किंवा जितं काय, ते उभं होतं ते माणसांच्या येरझाऱ्यांवर.

वईचं तेच आहे. ती एका पावसात कुजते ही आमच्या आज्याला कधी अडचण वाटली नाही, कारण पुढच्या पावसाआधी तो तिथेच असणार होता. त्याचे मुलगेही असणार होते. काट्या सड्यावर फुकट होत्या, केवण ओढ्याकाठी होती. टिकाऊपणाची गरज पडली ती घराला कुलूप लागल्यावर. आमच्या वाडीतली निम्मी घरं आज गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात. त्यांच्या मालकांना, म्हणजे मलाही, अशी वस्तू हवी आहे जी आपल्या मागे आपल्याकडून काही मागणार नाही. कंपोझिट ही बंद घराची वस्तू आहे. तिचं खरं गिऱ्हाईक लाकडाला कंटाळलेला माणूस नव्हे, लाकडाजवळ राहू न शकणारा माणूस आहे. हे तिला नावं ठेवायला म्हणत नाही. पुण्यात बसून किंजळीच्या खांबांचे गोडवे गायचे आणि दर दोन वर्षांनी तेल लावायला काकांनी जावं अशी अपेक्षा धरायची, यापेक्षा प्लास्टिकची फळी सरळ आहे.

म्हणून वाटणी करून टाकली. रस्त्याच्या बाजूला, जिथे वर्षातले दहा महिने कुणी हात लावणार नाही, तिथे कंपोझिट. खाली दोन थर चिऱ्याचा गडगा, म्हणजे फळीचा पाय ओल्या मातीपासून वर राहील. खांब जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, आणि फळ्यांत फट. गडग्याच्या सांदीत सापसुरळ्या, बेडूक आणि कधीमधी मुंगूस राहायला येतीलच, त्यांना वर कुठल्या कारखान्यातली फळी आहे याच्याशी कर्तव्य नाही. कवच असलेलीच फळी घ्यायची, आणि भाजावळीच्या बाजूला एकही नाही. परड्याकडे, जिथे काकू रोज सकाळी वाटीभर मिरच्या काढायला जातात, तिथे लाकूडच. पण मेलेलं नव्हे. मृगाच्या तोंडावर पांगाऱ्याच्या आणि गिरिपुष्पाच्या हिरव्या मेढी ठोकायच्या. त्या रुजतात, पाला फुटतो, वर्षातून दोनदा छाटावा लागतो, तो पाला माडाला खत म्हणून जातो. मधल्या जागेत निगडी आणि मोगली एरंड. गुरं दोन्हींना तोंड लावत नाहीत. काकू आहेत तोवर ते कुंपण छाटलं जाईल.

भावंडांच्या गटावर हे मंजूर झालं. धाकट्या वहिनीने अंगठा दाखवला, थोरल्याने खर्चाची बेरीज दोनदा करून पाहिली. आता अडलं आहे ते रंगावर. मला नक्षी नसलेली, गाठी नसलेली, सपाट राखाडी फळी हवी आहे. दुकानदार म्हणतो, साहेब, तशी येते, पण ठेवत नाही, कारण मागतच नाही कुणी. सागवानी घ्या, नाहीतर अक्रोड. खास मागवायची तर महिना लागेल आणि पूर्ण गठ्ठा घ्यावा लागेल. काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “महिना थांबलास तर पाऊस येईल. गठ्ठा मोठा असला तर उरलेल्या फळ्या इकडे दे, कोंबड्यांचं खुराडं करायचंय.”